श्रेयाच्या खेळाला चाळीची संमती

हितेंद्र परबची एक बढाई घोडपदेवच्या त्या तीनमजली चाळीत सगळ्यांना पाठ झाली होती. "माझी मुलगी मला विचारल्याशिवाय काही म्हणजे काही करत नाही!" जिन्यात भेटेल त्याला तो हे ऐकवायचा. दूधवाल्यालासुद्धा! आणि त्यात खोटं काही नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. बारा वर्षांची श्रेया खरंच विचारायची. घोळ झाला तो बापाला उत्तर देता येईना म्हणून.

सोमवारी तिने विचारलं. लॅपटॉपवरचा एक खेळ. टीम करायची, बंदुका घ्यायच्या, समोरच्यांना लोळवून किल्ला घ्यायचा. वर ठसठशीत लिहिलेलं, सोळा वर्षांवरील मुलांसाठी. नाव नोंदवताना श्रेयाने वय टाकलं बारा. झालं! कंपनीचा निरोप थेट हितेंद्रच्या मोबाइलवर. पालकांची परवानगी आहे का? खाली दोन बटणं, हो आणि नाही.

"पप्पा, शनिवारी सहाला आमची मॅच आहे. मी आणि संघमित्रा एका टीममध्ये. तुम्ही आधी बघा, मग ठरवा. नाही म्हणालात तर नाही खेळणार, प्रॉमिस."

इतकं सरळ पोर आजच्या दिवसात शोधून सापडायचं नाही! हितेंद्रच्या बायको, दर्शनावहिनी, स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, अर्धा तास बसा तिच्या शेजारी. डोळ्यांनी बघा काय आहे ते. मग हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा."

पण तसं केलं तर तो हितेंद्र कसला? नाही म्हटलं तर पोरगी रुसणार. हो म्हटलं तर चाळ म्हणणार, परबची पोर बंदुका चालवते! दोन्हीकडून त्याची तंतरली होती, आणि त्या भीतीला त्याने भारदस्त नाव दिलं, लोकशाही. "हा एकट्या श्रेयाचा प्रश्न नाही," चाळ समितीचा हा चिटणीस छाती काढून बोलला, "चाळीतल्या सगळ्या पोरांचा आहे. सगळ्यांच्या सह्या घेतो. बहुमत म्हणेल तसं!"

"मूल आपलं आणि सह्या शेजाऱ्यांच्या?"

"तुला त्यातलं कळत नाही."

वहिनी परत पोळ्या लाटायला लागल्या. पंधरा वर्षांच्या संसारात त्यांनी हे वाक्य पोळीइतक्या वेळा खाल्लं होतं.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. ही चाळ पाडून टॉवर बांधायचा, यावर नऊ वर्षं भांडण चाललेलं. अर्धी चाळ बिल्डरच्या बाजूने, अर्धी विरोधात. सख्खे शेजारी एकमेकांच्या बारशाला जात नव्हते. हितेंद्र विरोधातला, म्हणजे कागदोपत्री तरी. आणि या शहाण्याने दादरच्या ऑफिसात बसून, वेळ वाचवायला, समितीच्या टॉवरवाल्या जुन्या पत्राचाच नमुना उघडला! मधला मजकूर बदलला, बाकी सगळं तसंच. वर जाड अक्षरात 'विषय: संमती देणेबाबत'. खाली रकाने: खोली क्रमांक, भाडेकरूचे नाव, सही.

मंगळवारी तो दारोदार निघाला. सुंदराबाईंनी न वाचता सही केली. आणखी चौघांनीही केली. हितेंद्र खूश! मग आला नानांच्या दारात. नाना म्हणजे गिरणी कामगार, संपात सगळं गमावलेला माणूस. कागद वाचल्याशिवाय ते रेशनवाल्यालाच काय, देवाला पण सही देणार नाहीत.

"ह्यां काय रे मेल्या? संमती?"

"नाना, पोरांच्या गेमबद्दल आहे. सोळा वर्षांवरचा..."

"माका फसवतंस? त्या वर्षी पाण्याच्या टाकीसाठी म्हणून सह्या घेतल्यांनी, आणि कागद खंय गेलो? बिल्डरच्या टेबलार! आता पोरांका पुढे केलंस?"

दार धाडकन बंद! चाळीत दिवसा दार बंद झालं की काय समजायचं ते माणसं समजतात. तासाभरात तिन्ही मजल्यांवर बातमी. परब फुटला! सुंदराबाई रडत आल्या, "माझी सही परत दे रे बाबा, माझी जागा जाईल." हितेंद्र समजावत बसला, पण जितकं समजवावं तितका त्यांचा संशय वाढायचा.

बुधवारी दुसरं संकट. बिल्डरवाल्यांचा पुढारी अजित हातात पेढे घेऊन हजर. "आलास ना लायनीवर! मी सांगत होतो पोरांना, हित्या समजूतदार आहे!" हितेंद्र नको नको म्हणेपर्यंत पेढा तोंडात. आणि नेमके समोरच्या गॅलरीत नाना!

"पप्पा, आज बघता ना?" श्रेयाने गुरुवारी विचारलं.

"थांब गं! इथे माझ्या जिवावर बेतलंय."

शुक्रवारी परत विचारलं. तो मोबाइलवर तिसऱ्या मजल्याला खुलासा देत होता. त्याने हातानेच तिला बाहेर जा म्हणून खुणावलं. ती गेली. हे त्याच्या लक्षातही आलं नाही, आणि खरं सांगू, मला या माणसाचा राग येतो तो इथे.

शनिवारी साडेपाचला खाली चौकात सभा. मंडळाच्या खुर्च्या, मंडळाचा माइक. हितेंद्रने माइक हातात घेतला. "मित्रहो, मुलांनी हिंसाचार बघावा की नाही, एवढाच आपला विषय..."

"विषय संमती लिहिलंय!" कोणीतरी ओरडलं.

"गद्दार!" नाना म्हणाले.

"म्हाताऱ्या, तोंड सांभाळ!" अजित म्हणाला.

बास! नानांची छत्री अजितच्या डोक्यात, अजितची खुर्ची हर्षवर्धन वकिलाच्या पाठीत. तो बिचारा दोन्हीकडचा नव्हता, फक्त चहाला थांबला होता. आया-बहिणींचा उद्धार तर माइकवरून पार भायखळ्यापर्यंत गेला असेल, कारण माइक चालूच! कोणीतरी हितेंद्रच्या सदऱ्याची बाही उपटली. आणि वर तिन्ही गॅलऱ्यांत पोरं कठड्याला रेलून रांगेत उभी. चार वर्षांचीसुद्धा! हितेंद्र जिवाच्या आकांताने ओरडला, "अरे, लहान मुलं बघतायत!"

कोणी थांबलं नाही. उलट एकाने वर बघून आपल्या पोराला हाक मारली, "बाळ्या, दांडा टाक रे खाली!"

सव्वासहाला हितेंद्र एका बाहीनिशी घरी आला. वहिनींनी हळदीची वाटी पुढे सरकवली. श्रेया लॅपटॉपसमोर होती. कानाला हेडफोन, बोटं धडाधड चाललेली. पडद्यावर गोळीबार.

चाळीतल्या सव्वीस खोल्यांना त्याने आठवडाभर विचारलं होतं, फक्त हिच्याजवळ बसला नव्हता. तो पाटावर टेकला. "श्रेयू, चुकलं माझं. दाखव तुझा गेम. बघतो आणि आत्ता परवानगी देतो."

"गरज नाही पप्पा," ती पडद्यावरून नजर न हलवता म्हणाली. "संघमित्राने सांगितलं, सगळे असंच करतात. जन्मसाल बदललं. आता विचारतच नाहीत."

"काय टाकलंस?"

"एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर."

हितेंद्रचं स्वतःचं जन्मसाल ऐंशी. तो काही बोलणार होता. रागवावं, निदान खोटं का बोललीस एवढं तरी विचारावं.

"पप्पा, जरा सरका ना. उजेड अडतोय."

आपल्यापेक्षा दोन वर्षांनी मोठ्या झालेल्या मुलीला उलट कसं बोलायचं? हितेंद्र निमूट सरकला.