दारातला सोफा

"भावजी, घरीच आहात ना?" या प्रश्नाला सूचीकाराकडे बारा वर्षं एकच उत्तर होतं, आणि ते खरं असल्यामुळेच घोटाळा होत असे. जाडजूड पुस्तकाच्या शेवटी कोणता शब्द कोणत्या पानावर आलाय याची यादी असते, ती करून देणं हा त्याचा धंदा. तो घरी बसून चालतो. आणि घरी बसलेला माणूस म्हणजे रिकामा माणूस, यावर अख्ख्या इमारतीचं एकमत होतं.

त्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या वहिनी दहा वाजता दारात आल्या. "दाताच्या डॉक्टरांकडे निघालेय. माझा नवा सोफा येईल, तेवढा बघा."

टेबलावर मूत्रपिंडाच्या विकारांवरची नऊशे पानं पडली होती. सूची दोनपर्यंत पाठवायची होती. याआधी दोनदा उशीर झालेला, आणि प्रकाशकांनी बजावलं होतं, "या वेळी चुकलात तर हे आपलं शेवटचं पुस्तक." हे सगळं सूचीकाराच्या जिभेवर आलं, आणि तोंडातून निघालं, "बघतो की, त्यात काय."

सोफा अकराला आला. वरच्या जिन्याचं वळण पाहून दोघा हमालांनी माना हलवल्या. "इथंच ठेवतो साहेब. बाई म्हणाल्या, खालचे भावजी कशालाच नाही म्हणत नाहीत."

भावजी नाही म्हणाले नाहीत. सोफा निम्मा आत आला आणि अडकला. पाय उंबऱ्यात, पाठ चौकटीत. हमालांनी तो ढकलला, ओढला, त्याला दोन शिव्या हासडल्या आणि "सुतार बोलवा" असं सांगून ते चालते झाले. निम्मा सोफा घरात, निम्मा जिन्यापाशी, आणि सूचीकार आत.

पंधरा मिनिटांत तळमजल्यावरचे काका मोबाइल घेऊन हजर. "खाली ये रे जरा, हा टीव्हीला जोडून दे."

"काका, दारात सोफा अडकलाय."

"मग येता येत नाही?"

सूचीकार काटकुळा. सोफ्यावरून सहज उतरला असता. त्याने सोफ्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. "नाही," तो म्हणाला.

"बरं," म्हणत काका गेले.

आभाळ कोसळलं नाही. काका रुसलेही नाहीत. सूचीकार थक्कच झाला. मग समोरच्या ताई आल्या; त्यांना गॅसवाला येईपर्यंत कुणीतरी घरात बसायला हवं होतं. या वेळी त्याने सोफ्याचं नावसुद्धा काढलं नाही. "जमणार नाही, काम आहे," एवढंच म्हणाला. त्याही "बरं" म्हणून गेल्या. एक वाजेपर्यंत त्याने 'म' मागे टाकला होता, आणि तो चक्क गुणगुणत होता.

तेवढ्यात सुजलेला गाल घेऊन वहिनी आल्या, सोबत सुतार.

"पाय काढला की निघेल," सुतार म्हणाला. "पाच मिनिटांचं काम."

पाच मिनिटांच्या कामांनीच सूचीकाराची बारा वर्षं खाल्ली होती. "आत्ता नाही, वहिनी. दोननंतर." आवाज बारीक होता, पण निघाला.

"आणि तोवर मी काय करू?"

"बसा की. सोफा तुमचाच आहे."

भांडावं म्हटलं तर वहिनींची निम्मी जीभ अजून बधिर होती. तिघांच्या सोफ्यातली दीड जागा बाहेर होती. तीत वहिनी आणि सुतार अंग चोरून बसले.

दोनला दहा कमी असताना सूची गेली. लगेच प्रकाशकांचा फोन आला. "वेळेआधी? तुमची तब्येत बरी आहे ना?"

"ठणठणीत. पुढच्या पुस्तकाला मात्र तीन आठवडे घेईन. दोन आठवडे पुरत नाहीत."

"चालेल," प्रकाशक म्हणाले. सूचीकाराला इतका आनंद झाला की पाय काढताना त्याने स्वतः सोफा उचलून धरला, आणि बिनपायांचा सोफा जिन्याच्या वळणातूनही वर गेला.

आठवडा गेला. एके सकाळी वहिनी पुन्हा दारात उभ्या, आवाज अगदी हळू. "रविवारी माझ्या दोन्ही नणंदा येतायत. महिनाभर राहायला. तो सोफा दारात नेमका कसा अडकला होता, दाखवता का?"

"दाखवतो ना," सूचीकार म्हणाला. "पण आत्ता नाही. कामात आहे."

वहिनींचा चेहरा उजळला.

"असं म्हणायचं होय," त्या म्हणाल्या, आणि नणंदेला फोन लावतच जिना चढून गेल्या.