लाकडाला ठेवलेला दाब

मास्तर म्हणजे कोपऱ्यावरचे शिंपी. चालत्या माणसाची कंबर नुसत्या नजरेनं सांगणारा हा गृहस्थ स्वतःच्या एकुलत्या एक खोलीचं माप चुकेल, असं त्यांच्या वैऱ्यालाही वाटलं नसतं.

खोली काडेपेटीएवढी. लग्नाला वर्ष झालं तरी सासरे आत येऊन बसले नव्हते. यायचे, उंबऱ्यात उभे राहायचे, लेकीची खुशाली विचारायचे आणि "बसायचं कुठं?" असं भिंतीला विचारून परतायचे. हयात गोदामाच्या मुकादमकीत गेलेली. माणसाला निदान पोत्यांच्या थप्पीएवढी तरी जागा हवी, असं त्यांचं मत. मास्तरांच्या ते जिव्हारी लागलं होतं. सासऱ्यांना एकदा घरात बसवायचंच!

बेत झाला. जुन्या दारांच्या फळ्यांचा, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दिवाण. दिवसा बैठक, रात्री बिछाना, पोटात कपाट.

"एका कापडात कोट, विजार आणि वर टोपी," मास्तर बायकोला म्हणाले.

सुतार मोजायला वाकला, तर मास्तरांनी त्याला हातानंच थांबवलं. मापाच्या बाबतीत ते कुणाचं ऐकत नसत. गळ्यातली टेप काढून त्यांनी भिंत मोजली आणि आकडा सांगताना सवयीनं दोन्ही बाजूंना एकेक इंच जादा, म्हणजे शिंप्यांचा दाब, धरला. उरलं तर आत दुमडता येतं, कमी पडलं तर गिऱ्हाईक दुकान डोक्यावर घेतं.

जिना अरुंद, म्हणून सुतारानं फळ्या वर आणून दिवाण खोलीतच ठोकला. दिवाण झाला झकास. फक्त दोन इंच जास्त, दोन भिंतींच्या मध्ये सरळ बसेना. सुतारानं पुन्हा मापं घेतली, दाबाची हकीकत ऐकली आणि पेन्सिल कानामागे खोचली.

"मास्तर," तो म्हणाला, "लाकूड दुमडत नाही हो."

मोठी करवत दुसऱ्या कामावर होती. उद्या आणतो म्हणून तो अंग चोरून दाराच्या फटीतून निसटला. दिवाण खोलीभर तिरका पसरून राहिला.

आणि सकाळीच सासरे हजर! दार आत उघडणारं, त्याला दिवाणाचा कोपरा आडवा. नवराबायकोनं दिवाण एका अंगानं उचलून धरला, सासरे पोट आवळून आत आले, मागे दार लागलं, दिवाण खाली टेकला. सासऱ्यांनी चहूकडे पाहिलं. आणि बसले.

त्या क्षणी मास्तरांच्या छातीचं माप घेतलं असतं, तर सदरा नव्यानं शिवावा लागला असता.

सासरे तसे वजनदार. त्यांच्या भारानं दिवाण भिंत आणि दार यांच्यामध्ये पाचरीसारखा रुतला. चहा झाला, सासरे उठले, तर दार हलेना. तिघांनी ओढून पाहिलं, रेटून पाहिलं. पोती हलवायच्या सगळ्या युक्त्याही हरल्या.

"जावईबापू, तुमच्याकडे हे दार उघडतं कधी?"

"सुतार आला की, बाबा," मास्तर म्हणाले.

मग बसण्यावाचून इलाज नव्हता. सासरे बसले, जेवले, लवंडले, घोरले. जागे झाल्यावर दिवाणाच्या पोटातलं कपाट उघडून त्यांनी लेकीला "यात बरंच मावतं गं" असंही म्हटलं. संध्याकाळी सुतार आला. त्यानं दाराशेजारच्या खिडकीतून करवत आत दिली आणि तो बाहेरून सांगेल तसा मास्तरांनी कोपरा कापला. दार सुटलं, सासरे गेले.

दुसऱ्या दिवशी दुकानात मास्तर प्रत्येक गिऱ्हाइकाला मान ताठ करून सांगत होते, "काल सासरे आले होते घरी. घोटभर चहाला म्हणून आले, ते दिवेलागणीपर्यंत जागचे हलले नाहीत."