गाईडबाई आणि पंचेचाळीस मिनिटांची कॅसेट

भगवंत ढगे सरांनी पीएच. डी. करायचं ठरवलं, त्यामागे ज्ञानाची तहान वगैरे काही नव्हतं. सर थकले होते. बोईसरच्या एका ज्युनियर कॉलेजात ते मराठी शिकवत, आणि दरसाल दोनशे ऐंशी मुलांचं ‘आनि’ खोडून तिथे ‘आणि’ लिहिण्यात त्यांची चौदा वर्षं गेली होती. सत्त्याऐंशी सालच्या दिवाळीत असाच एक गठ्ठा तपासता तपासता त्यांच्या लाल पेनातली शाई संपली, आणि नवी रिफिल घालण्याऐवजी त्यांनी पेन खाली ठेवलं.

पालघरला सिनियर कॉलेजात जूनपासून एक जागा निघणार होती. तास कमी, पेपर त्याहून कमी. अट एवढीच की उमेदवाराची पीएच. डी.साठी नोंदणी झालेली हवी. (पीएच. डी. झालेली हवी असं नव्हतं. नुसती नोंदणी! सरांनी जाहिरात तीनदा वाचली होती.) सरांनी चाळिशी ओलांडली होती. पुन्हा अशी जागा निघेपर्यंत निवृत्तीचा नारळच हातात पडला असता.

“नोंदणीला काय काय लागतं?” त्यांच्या बायकोने, सुलूने, विचारलं.

“एक फॉर्म, एक विषय आणि एक गाईड.”

“मग आणा की,” सुलू म्हणाली. हिंग-जिरं संपलं की ती याच आवाजात सांगायची.

फॉर्म लगेच मिळाला. विषय तर सरांकडे चौदा वर्षं पडूनच होता. गाईड मात्र मिळेना. पहिल्या प्राध्यापकांकडे आठ विद्यार्थी आधीच होते आणि त्यातले दोघे त्यांच्या घरी भाजी आणून देत, त्यामुळे त्यांना काढणं शक्य नव्हतं. दुसऱ्यांनी सरांना दारातच उभं ठेवून “माणूस आजारी आहे घरात” असं सांगितलं, आणि आजारी माणूस म्हणजे तेच निघाले. तिसऱ्यांकडे सर तीन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी त्या गृहस्थांनी चहा पाजून, आवाज खाली आणून विचारलं, “तुमच्या पाहण्यात कोणी चांगला गाईड आहे का हो? माझंही अडलंय.”

घरी आल्यावर सर म्हणायचे, “साहेब जरा कामात होते.” सुलू गरम पाणी काढून द्यायची.

शेवटी मार्चमध्ये कोणीतरी डॉ. सोजराबाई चुरींचं नाव सुचवलं. बाई मुंबईच्या कॉलेजात शिकवायच्या, पण घर पालघरला, माहेर केळव्याचं. सर गेले तेव्हा बाई पडवीत वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या.

“विषय?” बाईंनी मान वर न करता विचारलं.

“पंडिती काव्यातील अलंकार—”

“मी फक्त बोलींवर घेते. या किनाऱ्याच्या.”

सर उठायलाच हवे होते. पण पाच महिन्यांच्या पायपिटीने माणूस निगरगट्ट होतो. तेवढ्यात रस्त्यावरून डोक्यावर टोपली घेतलेली एक बाई गेली.

“तेच म्हणत होतो,” सर म्हणाले. “सातपाटीच्या मासळी विकणाऱ्या बायकांची बोली!”

बाईंनी आता वर पाहिलं. “मासे खाता?”

“छे, छे! आम्ही परभणीकडचे. माझ्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही.” सर ताठ झाले. “त्यामुळे विषयाकडे तटस्थपणे बघता येईल.”

“बघायचं नाही, ऐकायचंय,” बाई म्हणाल्या. “कॅसेट आणा. बायकांच्या खऱ्या बोलण्याची. माझ्याकडे एकच जागा उरली आहे आणि तिघं जण मागे लागलेत. ऐकेन, मग ठरवीन.”

बोईसरजवळ सालवडला, सरांच्या शेजारी पुंजाराम राहायचा. तो वीज केंद्रात कामाला होता आणि त्याच्याकडे टेपरेकॉर्डर होता. तो त्याने एका दिवसाच्या बोलीवर दिला. बाईमाणसाचा प्रश्न तर आधीच सुटला होता. सातपाटीची जमना रोज सकाळी गल्लीत मासळी विकायला यायची आणि सरांच्या ओट्यावर टोपली टेकवून पाणी प्यायची. (पाणी प्यायची, एवढंच सरांना ठाऊक होतं.)

सरांनी तिला पाटावर बसवलं, लाल बटण दाबलं आणि घसा साफ केला.

“नाव सांगा.”

“जमना.”

“संपूर्ण नाव.”

“सगले जमनाच म्हंतात.”

“बरं. मासेमारीविषयी चार वाक्यं बोला. अगदी नेहमीसारखं.”

जमनाने पदर सारखा केला, यंत्राकडे पाहिलं आणि म्हणाली, “मासेमारी हा आमचा पारंपरिक व्यवसाय आहे.”

“असं नको हो! हे कुठून आणलंत?”

“रेडिओवर सांगतात.”

पुढची दहा मिनिटं जमना आकाशवाणीसारखं बोलली. सर ‘हाय’ म्हणा म्हणून विनवत होते आणि ती दर वेळी स्पष्ट ‘आहे’ म्हणत होती. तेवढ्यात समोरच्या कारखान्याचा पावणेअकराचा भोंगा झाला. सर धावतपळत कॉलेजात गेले, आणि टेप बंद करायचा राहिला. दुपारी परत आले तेव्हा एक बाजू संपून बटण आपोआप वर आलं होतं. पुंजाराम दारात उभाच होता. यंत्र त्याने नेलं, आणि कॅसेट न ऐकताच सरांनी रविवारी चुरीबाईंचं घर गाठलं.

आपल्या टेपरेकॉर्डरवर पारंपरिक व्यवसाय वगैरे ऐकून बाईंनी जांभई दिली. मग टेपमधून सरांच्या चपलांचा आवाज दूर गेला, दार लागलं आणि जमना म्हणाली, “गेला का गो तुजा मास्तर?”

“गेले एकदाचे. दाखव. बोंबील ताजे आहेत ना?”

हा आवाज सुलूचा होता.

“माजा माल शिला कवा हाय गो? शुक्करवारची सुरमय कशी व्हती?”

“सुरमई एकदम मस्त. पण वास गं! हे आले ते नाक वर करूनच.”

“मं तू काय सांगतलास?”

“म्हटलं, कारखान्याने गॅस सोडलाय.”

“आन मास्तरला पटला?”

“पटलं? अर्ज लिहायला बसले!”

टेपवर दोघी किती तरी वेळ हसत होत्या. आणि ते खरं होतं. सरांनी समोरच्या कारखान्याला एक नव्हे, दोन अर्ज केले होते, ‘दुपारच्या सुमारास सुटणाऱ्या उग्र वायूबाबत’. कारखान्याचा माणूस घरी आला होता, स्वयंपाकघराच्या दारात डोळे मिटून खोल श्वास घेतला होता आणि “हा आमचा नाही” असं सांगून, जरा नाइलाजानेच, निघून गेला होता.

चुरीबाईंनी बटण दाबलं. सरांना वाटलं, सुटलो. पण बाई टेप मागे घेत होत्या.

“आन मास्तरला पटला?” जमनाने पुन्हा विचारलं.

“ऐकलंत?” बाई पुढे सरकल्या. “‘पटलं’ नाही, ‘पटला’. शेवटचा अनुस्वार गेला आणि त्याचा आकार झाला. किती स्वच्छ! पुन्हा ऐकू या.”

मास्तरला पटला का, हे जमनाने चार वेळा विचारलं. मास्तर समोर बसून चारही वेळा ऐकत होते.

टेप पुढे गेला. टोपलीत काहीतरी खसफसलं, पाणी ओतल्याचा आवाज आला आणि जमना म्हणाली, “पर मास्तर गरीब हाय गो. त्याचा काम झाला का?”

“कुठलं होतंय,” सुलू म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. “पाच महिने हिंडतायत. कोणी नीट उभं करत नाही दारात. घरी येऊन मला सांगतात, साहेब कामात होते. मी विचारत नाही. पायावरची धूळ बघितली की कळतं, किती वेळ उभे होते ते.”

“मं त्या डाक्टरनीला दोन सरंगे देऊ का? आमी देतो, फुकाट.”

“नको गं. ह्यांना कळलं तर अजून एक अर्ज लिहितील.”

खट् करून बाजू संपली. सरांना उठून जावंसं वाटत होतं. लाज वाटत होती ती बोंबलांची नव्हती. पाच महिने ज्या बायकोपासून आपण सगळं लपवलं, तिला पहिल्या रविवारपासून ठाऊक होतं, याची होती.

“फॉर्म आणलाय?” बाई म्हणाल्या.

सरांनी फॉर्म काढला. बाईंनी शेंगा सोलून हिरव्या झालेल्या बोटांनी सही केली.

“अशी सामग्री मला वीस वर्षांत कोणी आणून दिलेली नाही. हे संभाषण शब्दशः उतरवून काढा, पहिलं परिशिष्ट. अशी चाळीस तरी हवीत.” मग त्यांनी फॉर्म सरांपुढे सरकवला. “फक्त एक अट आहे, ढगे. ध्वनिमुद्रण चालू असताना तुम्ही घरात थांबायचं नाही.”

सर घरी आले. गल्लीच्या तोंडाशीच वास आला.

“कारखान्याने आज लवकर सोडला वाटतं,” ते चपला काढत म्हणाले.

सुलू उलथनं हातात घेऊन दारात आली. “हो ना. भलताच आहे आज.”

“किती नगांचा?”

सुलूने त्यांच्याकडे पाहिलं, त्यांच्या हातातल्या कॅसेटकडे पाहिलं, आणि मटकन पाटावर बसली. मग फॉर्मवरची सही दिसली तशी उठली. त्या दिवशी दोघं काय बोलले ते कुठल्याही टेपवर नाही. पण संध्याकाळी ताटात वरणभाताशेजारी एक कुरकुरीत तुकडा आला, आणि सरांनी तो तटस्थपणे खाल्ला.

जूनमध्ये नोंदणी झाली. पालघरची जागा मात्र एका झालेल्या पीएच. डी.ला मिळाली. पण बाईंनी सोडलं नाही, आणि सुलूने तर मुळीच नाही. आता दर रविवारी जमना आपल्यासोबत आणखी एकदोघींना घेऊन येते, सुलू लाल बटण दाबते आणि सरांना छत्री देऊन बाहेर काढते. गल्लीतल्या नळापाशी ते तासभर येरझारा घालतात.

परवा एका विद्यार्थ्याचे वडील सायकलवरून चालले होते. ते थांबले.

“सर, घराबाहेर? भांडणबिंडण झालं का वैनींशी?”

तेवढ्यात आतून चार बायकांच्या हसण्याचा गडगडाट झाला, आणि त्यात कुणीतरी “मास्तर” म्हटलेलं स्वच्छ ऐकू आलं.

“नाही, नाही,” ढगे सर घाईघाईने म्हणाले. “तिसरं प्रकरण चाललंय.”