लवंगेच्या तेलातला मासा

वडिवळ्याच्या रखमाजीनं पेंड-कोंडा घालून पोसलेली, गाभोळीनं टच्च भरलेली माशाची मादी तळ्यातून धरली आणि पाण्याच्या डब्यात सोडली. मळवलीच्या व्याह्यांनी, गेणूभाऊंनी, नवं तळं खोदलं होतं. नर त्यात आधीच सोडले होते; आता बेण्याला मादी द्यायची होती. पण मादी अशी उसळ्या मारू लागली की, गाडी निघायच्या आधीच निम्मं पाणी रखमाजीच्या धोतरावर आलं.

आपटून मेली तर व्याह्यांना काय तोंड दाखवायचं? रखमाजीला दाढदुखीवरचं लवंगेचं तेल आठवलं. दाढ बधिर होते, तर मासा का होणार नाही? त्यानं दोन थेंबांपुरती बाटली वाकडी केली आणि नेमका बैलांनी गाडीला हिसका दिला. निम्मी बाटली डब्यात! मादी गप्प झाली. मळवली येईतो पोट वर करून तरंगायला लागली.

"या पाव्हणं!" विहीण कस्तुराबाई डब्यात डोकावल्या. "अगं बया, लवंग लावूनच आणलाय की! आता नुसतं खोबरं वाटायचं."

हे तळ्याचं बेणं आहे, असं मेलेल्या माशापुढं कसं सांगणार? रखमाजी ओट्यावर टेकला. आत पाटा वाजू लागला तसा तो ताडकन उठला. एवढं तेल प्यायलेला मासा खाऊन सगळं घर आडवं झालं तर? त्याची लेक चंपा याच घरात नांदत होती.

"इहीणबाई, त्यो मासा खाऊ नका!"

कस्तुराबाई दारात आल्या. "का वं?"

"त्याला औषध दिलंय."

"म्हंजी आजारी मासा आणला व्हय आमाला?"

"आजारी न्हाई, चांगला हुता. औषधानं मेला."

"आवं, ऐकलं का?" कस्तुराबाईंनी नवऱ्याला हाक मारली. "पाव्हण्यांनी इखाचा मासा आणलाय!"

गेणूभाऊ दाढीच्या साबणासकट धावत आले. चंपा पदरात तोंड लपवून भिंतीआड गेली. रखमाजी "लवंग, लवंग" करत राहिला. पण तो बोलेल तसं प्रकरण चिघळतच गेलं.

तेवढ्यात आत धप्प झालं. कस्तुराबाईंनी मासा धुवायला ताज्या पाण्याच्या घंगाळात टाकला होता. तिथं मादी शुद्धीवर आली आणि एका उडीत वाटलेल्या खोबऱ्यात जाऊन पडली.

"जित्ती हाय!" रखमाजीला रडूच फुटलं. मग त्यानं सगळं खरं सांगितलं. गेणूभाऊंनी मादीला खोबऱ्यासकट उचललं आणि तळ्यात नेऊन सोडलं.

पुढं तळं पिलांनी भरलं. पण कस्तुराबाईंनी मात्र धसकाच घेतला. बाजारातून आणलेला मासासुद्धा त्या आधी ताज्या पाण्यात सोडतात आणि विळी बाजूला ठेवून बसून राहतात.

"उठायचं आसंल तर उठू दे त्याला," म्हणतात.