मेल थांबवायची अट

मुजावर सर कुठलाही ईमेल पालकांना पाठवण्याआधी स्वतःला पाठवायचे. तो आला की खुर्चीतून उठून, अनोळखी माणसासारखा मोठ्यानं वाचायचे. "बसून वाचलं की आपलंच लिहिलेलं भारी वाटतं," म्हणायचे.

लातुरातल्या एका शिकवणीच्या ऑफिसात मी प्रवेशाचं काम बघतो. ऑनलाइन चौकशीचा फॉर्म आणि आपोआप जाणारे मेल हा सरांचा प्रांत. फॉर्मात तेवीस रकाने होते, त्यांनी नऊ ठेवले. "लोक लेकरं शिकवायला आलेत साहेब, पासपोर्ट काढायला न्हाई." नाव रिकामं राहिलं तर 'प्रिय'पुढे नुसता स्वल्पविराम जाऊ नये, म्हणून तिथं 'पालक' उमटेल अशी ओळ त्यांनी लिहिली. मालकांचं 'त्वरा करा' तीनदा खोडलं. "वाचून मलाच धाप लागायली."

एक अट मात्र राहून गेली: दरमहा गुण कळवणारा मेल कधी थांबवायचा, ही. किनवटकडच्या एका मुलीचे वडील, आश्रमशाळेतले शिक्षक, वारले. मुलीनं येऊन सांगितलं, मी रजिस्टरात नोंद केली; सरांना सांगायचं विसरलो. पुढचे चार मेल गुरुजींच्याच नावानं गेले.

मला ते दिसलं तेव्हा सर जेवत होते. डबा झाकून त्यांनी गुरुजींच्या बायकोला फोन लावला. "ताई, लई मोठी चूक झाली. आजपासून बंद करतो."

फोन स्पीकरवर होता. बाई म्हणाल्या, "बंद नका करू, सर. ह्यांचा फोन मी चार्ज करून ठेवते. तेवढंच येतंय आता ह्यांच्या नावानं."

सरांचे वडील भूकंपात गेले, एवढंच मला माहीत होतं. त्या दिवशी ते पहिल्यांदा बोलले. "गावच्या सोसायटीच्या सभेची नोटीस यायची अब्बांच्या नावानं, ते गेल्यावर बी. मी शाळेत होतो. जाऊन सांगून आलो, नाव कमी करा. लई शहाणा! अम्मी आठ दिवस बोलली न्हाई माझ्याशी."

मग त्यांनी थांबवायची अट लिहिली, आणि एक नाव तिच्यातून वगळलं.

परीक्षा झाली, वर्ग संपले. कळवायला गुण उरले नाहीत. तरी एक तारखेला गुरुजींना मेल गेलेला मला यादीत दिसला. तो आपोआप गेलेला नव्हता. सरांनी स्वतः लिहिला होता:

"गुरुजी, पेपर झाला. पोरगी हसत बाहेर आली. फाटकापाशी मी उभा होतो."