काकूंचा जांभळा गट

मल्लिनाथ मास्तर माणसाला नाव विचारत नाहीत, रंग देतात.

आम्ही कुंभारी रोडच्या सोसायटीत राहायला आलो, त्या दिवशी मी टेम्पोतून कपाट उतरवत होतो. समोरच्या घरातून एक सडसडीत गृहस्थ आले. गळ्यात शिट्टी, हातात होकायंत्र. कपाटाला हात लावतील म्हटलं, तर विचारतात, "गुडघे कसे हाईत?"

"बरे आहेत."

"उत्तर दिशा कुठली, दावा बरं."

मी ऐटीत बोट दाखवलं. मास्तरांनी होकायंत्र बघितलं, मग मला बघितलं. "पांढरे," म्हणाले आणि चालते झाले. बायकोला वाटलं, माझ्या केसांबद्दल बोलले.

उलगडा दुसऱ्या दिवशी झाला. मास्तरांचा जन्म शाळेत कवायत शिकवण्यात गेला. रिटायर झाल्यावर त्यांनी मागच्या माळावर दर रविवारी नकाशाची शर्यत सुरू केली. नकाशा आणि होकायंत्र घ्यायचं आणि माळावर रोवलेले नारिंगी झेंडे एकामागून एक हुडकायचे. वाट कुणी सांगायची नाही. आणि प्रत्येकाच्या वयाप्रमाणे, वकुबाप्रमाणे वाट वेगळी. काळा गट तरण्याबांड पोरांचा, ओढ्यातून, बाभळीतून पळणारा. तपकिरी साठीच्या पुढचा, अंतर कमी पण डोक्याला ताप. पिवळा शिकाऊंचा. पांढऱ्या गटात दहा वर्षांखालची मुलं, अधिक मी.

"वाईट वाटून घिऊ नका," मास्तर म्हणाले. "वकूब बघूनच वाट द्यावी लागती की. न्हाईतर माणूस हरवतंय आन् शिव्या आमाला."

आता मी बँकेत अधिकारी माणूस! इरेला पेटून पिवळ्या गटात नाव दिलं. पहिला झेंडा झक्क सापडला. दुसरा हुडकता हुडकता थेट वळसंग गावाच्या वाटेला लागलो आणि उसाच्या ट्रॅक्टरवर बसून परत आलो. मास्तरांनी नुसती शिट्टी वाजवली. ती सगळ्या सोसायटीला ऐकू गेली.

हे खूळ लग्नातसुद्धा सुटत नाही. पंगतीत वाढप्याला म्हणतात, "तपकिरी मंडळींस्नी दारापाशी बसीव. काळ्यांची जिलबी लांब ठिव, पळून खाऊ दे."

फक्त स्वतःच्या घरात त्यांची मात्रा चालत नव्हती. त्यांच्या मंडळी, सुभद्राकाकू, न्हाणीत पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, बाहेर हिंडा-फिरा. काकू वॉकर घेऊन घरभर चालायच्या, पण उंबऱ्याशी आल्या की मागं वळायच्या. "पडले तर? लोक बघत्यात," एवढंच म्हणायच्या. मास्तरांनी समजावलं, ओरडले, एकदा तर रुसून उपास धरला. काकूंनी शांतपणे साबुदाण्याची खिचडी करून पुढ्यात ठेवली.

"अख्खी सोसायटी माळावर काढली मी," मास्तर मला म्हणाले, "आन् हिला दाराभाईर काढता येईना. अशीच खुर्चीला चिकटून ऱ्हायली तर? लई भ्या वाटतंय वो."

मग एका शनिवारी सोसायटीच्या फळ्यावर नवा गट झळकला: जांभळा, वॉकरवाल्यांसाठी. स्पर्धक एकच. घराचं दार, पाण्याची टाकी, कडुनिंब, गेटजवळचं बाकडं, संपली शर्यत. काकू भडकल्या. "मला न इचारता नाव घातलंच कसं?"

"जांभळा नगं तर पांढऱ्यात जा, ह्यांच्यासंगं," मास्तरांनी माझ्याकडे बोट केलं. काकूंनी मला एकदा नीट बघितलं आणि जांभळ्याला तयार झाल्या.

रविवारी सकाळी काकू एकट्याच निघाल्या. स्पर्धकाला हात लावायचा नाही आणि वाट आखणाऱ्यानं वाटेवर फिरकायचं नाही, हा मास्तरांचा नियम. ते बाकड्याला 'समाप्ती' लिहिलेलं कापड बांधून घामाघूम उभे. काकू टाकीला वळसा घालून दिसेनाशा झाल्या, त्या परत दिसेनात.

"पडली असंल," मास्तर पुटपुटले. चार पावलं पुढं गेले, मागं आले. शेवटी मला म्हणाले, "तुमी जावा. तुमी कुटं बी सापडला तरी कुणाला नवल वाटायचं न्हाय."

गेलो, तर कडुनिंबाखाली ही गर्दी! आदल्या संध्याकाळी मास्तरांनी बुंध्याशी, दगडाच्या आधारानं झेंडा रोवलेला. बायका समजल्या, देवीचं ठाणं मांडलंय. दगडाला हळदकुंकू, पुढं नारळ, उदबत्त्या. त्यात वॉकर घेऊन, हाशहुश करत काकू नेमक्या त्या झेंड्यापाशी येऊन थांबल्या. म्हणजे नवस फेडायलाच आल्या की! सोसायटीतल्या यल्लम्मा मावशींनी त्यांना खुर्ची दिली, ओटी भरली. काकूंनी शर्यतीचं सांगून बघितलं, पण ऐकतंय कोण? हातावर कडक भाकरी आणि शेंगाची चटणी घेऊन काकू अशा हसत होत्या की डोळ्यांतून पाणी.

मी पळत येऊन मास्तरांना सगळं सांगितलं.

"पडली न्हाई ना?"

"नाही हो. हसतायत."

"हसतीया?"

"मोठ्यानं. टाकीपर्यंत ऐकू येतंय."

मास्तर बाकड्यावर टेकले. "ऑपरेशनपासनं हसली न्हवती वो. रोज मी एकटाच बडबडतूय घरात. घर खायाला उठतंय." त्यांनी शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं.

मग उठले, बाकड्याचं कापड सोडलं आणि आखलेल्या वाटेवरूनच तरातरा निघाले. मी मागोमाग. कडुनिंबाखाली बायकांतून वाट काढत गेले आणि कापड काकूंच्या खुर्चीच्या पाठीला बांधू लागले.

"अवं, हे काय करताय?" काकू म्हणाल्या. "मी अजून पोचले न्हाई."

"पोचलीस," मास्तर म्हणाले आणि तिथंच, त्यांच्या खुर्चीशेजारी, मातीत बसले.