तुळसा मरते की नाही

आमच्या घरात एक नियम आहे : पोथीला प्रश्न विचारायचा नाही. ऐकायचं, हात जोडायचे, प्रसाद घ्यायचा आणि घरी जायचं. हा नियम आबांचा. आबा म्हणजे माझे आजोबा. टाकवे बुद्रुकच्या शाळेत ते तीस वर्षं गुरुजी होते. अर्ध्या गावाचे कान त्यांनी पिरगाळलेत आणि उरलेला अर्धा गाव अजून कान झाकून त्यांच्यासमोरून जातो.

पोथी खरीच पोथी असती तर मी काही बोलले नसते. (बोलले असते, पण हळू.) आमची पोथी म्हणजे चक्क कादंबरी होती.

पन्नासएक वर्षांपूर्वी आबा नुकतेच नोकरीला लागले होते. त्या श्रावणात देवळाचं छप्पर गळून पोथीचा लगदा झाला. बायका तर दुपारी येऊन बसलेल्या. आबांच्या पिशवीत वाचनालयाची एक जुनी, नावाजलेली कादंबरी होती. त्यांनी ती लाल फडक्यात गुंडाळली, पाटावर ठेवली, हळदकुंकू वाहिलं आणि महिनाभर रोज वाचली. कोकणातली तुळसा, तिला छळणारं सासर, घराबाहेर काढणारा नवरा. गाव रोज वेळेवर येऊन रडायचा. पंचाईत झाली ती समाप्तीच्या दिवशी. शेवटच्या पानावर तुळसा खाडीत जीव देते, आणि समोर नारळ, शिरा, आरतीचं ताट. आबांनी पान उलटलं आणि न अडखळता वाचलं : तुळसा काठावरून मागे फिरली, तळेगावला जाऊन शिवण शिकली, मशीन घेतलं, मानानं जगली, आणि ही कथा जो ऐकेल त्याचं कल्याण होईल. मग आरती झाली, आणि तेव्हापासून दर श्रावणात गाव हीच पोथी ऐकत आलाय.

मला हे सगळं फार उशिरा कळलं. मी लहानपणी आबांच्या मांडीवर हाच शेवट ऐकला होता. पुढे लोणावळ्याला कॉलेजात तीच कादंबरी अभ्यासाला आली. गोष्ट तोंडपाठ, म्हणून मी पुस्तक उघडलंच नाही. (स्वतःच्या हुशारीवर माझा फार विश्वास.) पेपरात प्रश्न आला : ‘तुळसेच्या शोकांतिकेची कारणे लिहा.’ मी बाणेदारपणे लिहिलं की प्रश्नच चुकीचा आहे, तुळसा तळेगावला शिवणाचा कोर्स करते. सरांनी ते उत्तर वर्गात मोठ्याने वाचलं. नंतर दोन वर्षं कॉलेजात मला कुणी चैताली म्हटलं नाही. ‘ए तळेगाव’ म्हणायचे.

त्या दिवशी घरी आले ती दप्तर न ठेवताच आबांसमोर उभी राहिले.

“आबा, तुम्ही शेवट बदललात.”

“समाप्तीला मेलेलं माणूस चालत नाही.”

“माझा पेपर बुडाला.”

“पुस्तक न वाचता पेपरला बसलीस. तो दोष पोथीचा?”

“पण लेखकानं लिहिलंय ते...”

“पोथीला प्रश्न विचारायचा नाही, चैताली.”

हा राग मी चार वर्षं जपून ठेवला. एम.ए.च्या प्रबंधाला विषयही तसाच घेतला : गाजलेल्या कादंबऱ्यांवरचे सर्वांत चांगले आणि सर्वांत वाईट चित्रपट. आमच्या तुळसेवर दोन निघालेत. नवा हिंदी, आपल्या लोणावळ्यातच काढलेला. त्यात तुळसा कड्यावर भिजत नाचते आणि नवरा जीप घेऊन तिची माफी मागायला येतो. तो मी ‘वाईट’च्या रकान्यात टाकला. जुना ब्लॅक अँड व्हाइट, कादंबरीला ओळीबरहुकूम धरून. तो माझा ‘उत्तम’. मी ठरवलं, रविवारी दुपारी पडवीत बसून हा जुना सिनेमा लॅपटॉपवर आबांना दाखवायचा. एकट्या आबांना. त्यांनी शेवट बघायचा आणि मी त्यांचं तोंड बघायचं. बस, एवढंच.

चूक एकच झाली. लॅपटॉपचा चार्जर शोधताना मी हे रतनआत्याला सांगितलं. आत्याच्या कानावर घातलं की वेगळा लाऊडस्पीकर लागत नाही. संध्याकाळी देवस्थान कमिटीच्या नथूभाऊंचा फोन.

“चैताली, आपल्या पोथीवर पिच्चर निघालाय म्हनं. आन तू एकट्या गुरुजींना दावतीस व्हय?”

“भाऊ, छोटासा आहे, लॅपटॉपवर...”

“शाळेचा प्रोजेक्टर हाय की. तू फकस्त पिच्चर आन. बाकी कमिटी बघंल.”

कमिटीनं बघितलं. शाळेच्या हॉलच्या खिडक्यांना भात वाळवायच्या ताडपत्र्या लागल्या. पडद्याला आत्याची पांढरी चादर आली, तिच्या कोपऱ्यात एक मोर भरलेला होता. (तुळसेच्या सासूच्या खांद्यावर तो शेवटपर्यंत बसून होता.) नथूभाऊंनी प्रोजेक्टरसमोर नारळ फोडला आणि लॅपटॉपला कुंकू वाहिलं, तेही मूठभर. माझ्या की-बोर्डातून अजून गुलाल उधळल्यासारखं कुंकू निघतं.

मीही हुरळले. प्रबंधाला प्रेक्षकांची मतं हवीच होती, म्हणून साठ फॉर्म छापून आणले : चित्रपट कादंबरीशी प्रामाणिक वाटला का? उत्तम, बरा, वाईट.

रविवारी सकाळी आबा माझ्या खोलीच्या दारात आले. ते कधी दारात येत नाहीत. ते हाक मारतात आणि आपण जायचं असतं.

“शेवट दाखवायलाच पाहिजे का?”

“हो आबा,” मी म्हटलं. “खरं काय ते कळू दे ना लोकांना.”

ते वळले आणि पडवीत गेले. मला वाटलं, जिंकले.

सिनेमा सुरू झाला आणि पहिल्या पाच मिनिटांत माझ्या लक्षात आलं की लोकांना तो माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. सासू दिसली की बायका बोटं मोडायच्या. नवरा आला की मागून आवाज यायचा, “आता ताट फेकतोय बघा,” आणि तो खरंच फेकायचा. माझ्या शेजारी सरुमावशी बसल्या होत्या. अख्ख्या गावाचे गणवेश शिवलेल्या बाई. माझा पहिला फ्रॉकही त्यांचाच. वय सत्तरीचं, पण पाठ ताठ. तुळसेला घराबाहेर काढलं तेव्हा त्यांनी माझा हात धरला आणि तो नंतर सोडलाच नाही.

मग खाडी आली. तुळसा काठावर उभी.

“आता मागं फिरंल,” सरुमावशी पुटपुटल्या.

तुळसा पाण्यात उतरली.

“आता फिरंल.”

पाणी वर आलं. तुळसा दिसेना. चादरीवर ‘समाप्त’ उमटलं.

कुणी हललं नाही. मग रतनआत्या म्हणाली, “मध्यंतर झालं वाटतं.”

मी मोकळ्या हातानं शेजारच्या खिडकीची ताडपत्री बाजूला केली. उजेड आला.

“पुढचा भाग कवा?” नथूभाऊंनी विचारलं.

“संपला, भाऊ.”

“आसा कसा संपंल? मशीन कुटं हाय?”

आणि हॉल उसळला. पिच्चरवाल्यांना पैसे कमी पडले असतील. मशीन मिळालं नसंल त्यांना. बाईला मारून मोकळं व्हायचं, त्येला काय अक्कल लागती. साठच्या साठ फॉर्म भरून माझ्यासमोर आले. माझा ‘उत्तम’ चित्रपट साठ मतांनी ‘वाईट’ ठरला होता. एकानं रकाना खोडून बाजूला ‘लय वाईट’ असं लिहिलं होतं.

आबा पहिल्या रांगेत, खुर्चीत. मान खाली.

तेवढ्यात सरुमावशी उठल्या. आवाज न चढवता म्हणाल्या, “तिला का मारली गं त्यांनी? मी बी आशीच निघालेली त्या साली, सासरनं. नदीवर गेलते बी. मग म्हनलं, उद्या समाप्ती हाय, तुळसेचं काय हुतंय ते ऐकावं, मग बघू. ऐकलं. दुसऱ्या दिशी तळेगावला जाऊन कोर्सला नाव घातलं.”

त्यांनी हे इतक्या साधेपणानं सांगितलं, की जणू कुठली गाडी किती वाजता आहे ते सांगत होत्या.

मी आबांकडे बघितलं. समाप्तीच्या दिवशी समोर कोण बसलं होतं, हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. कोकणातल्या बाईला त्यांनी तळेगावला का पाठवलं, ते मला आत्ता कळत होतं. टाकव्याहून तळेगावला एसटी जात होती.

चार वर्षं मी ‘तळेगाव’ या एका शब्दावरून त्यांच्याशी भांडले होते. चित्रपट, रूपांतर, मूळ संहितेशी इमान यांवर दोनशे पानं लिहिली होती. आणि माझ्या अंगावरचा, सरुमावशींनी शिवलेला ड्रेस त्याच शब्दाची शिलाई होता.

“ह्ये बघा,” नथूभाऊंनी माईक हातात घेतला, “आपन पिच्चरवाल्यांना पत्र धाडायचं. पर पुरावा पायजे. चैताली, मूळ पुस्तक तुझ्या पिशवीत हाय न्हवं?”

पुस्तक होतं. आबांना तोंडावर दाखवायला म्हणून मुद्दाम आणलं होतं. शेवटच्या पानावर खूणही घालून ठेवली होती.

“मग ये हितं. शेवटलं पान वाच मायकवर. गुरुजींनी वाचलेलं आन पुस्तकातलं एकच हाय, ह्ये सगळ्यांसमोर हुऊ दे.”

आबांनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं आणि हलकेच मान डोलावली. वाच, म्हणत होते. सरुमावशींनी माझा हात सोडला, मला उठता यावं म्हणून.

मी उठले. पुस्तक पिशवीतून काढलं आणि खूण ओढून खिशात टाकली.

“मी वाचणार नाही,” मी म्हटलं.

“का गं?”

प्रश्नाला उत्तर द्यायची माझी जन्माची सवय. पुरावे, तारखा, पान क्रमांक, सगळं माझ्याकडे तयार असतं. त्या क्षणी तोंडातून निघालं ते एवढंच :

“चष्मा घरी राहिला.”

नथूभाऊंनी माईक खाली केला. “आगं, डोळ्यावर काय हाय मग?”

“हा लांबचा आहे.”

पंचवीस वर्षं मी या मंडळींशी खरं बोलले, मुद्देसूद बोलले, वेळप्रसंगी ओरडून बोलले, पण त्यांच्यातलं एकही माणूस कधी गप्प बसलं नव्हतं. आता नथूभाऊ, रतनआत्या, सरुमावशी, अख्खी कमिटी माझ्या नाकावरच्या चष्म्याकडे बघत होती, आणि कुणीसुद्धा पुढचा प्रश्न विचारला नाही.